अडतिसावं पान

१

शेरेबुकात छत्तिसाव्या पानानंतर एकदम एकोणचाळिसावं पान आलं.

उर्वशीनं दोन पानं मागं घेतली, पुन्हा पुढं केली. आठ दिवसांपूर्वी तिनं खूण म्हणून घातलेली कागदाची पट्टी जागच्या जागी होती. सदतीस-अडतीस आकड्यांचं पान तेवढं नव्हतं. फाडल्याची दशी नाही की ब्लेडनं कापल्याची धार नाही. पान जणू त्या वहीत कधी नव्हतंच.

दारव्ह्याच्या उर्वशी नगराळेनं पीएच.डी.ला घेतलेला विषय ऐकून घरच्यांनी आधी तोंडात बोटं घातली होती. साठच्या दशकातलं अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि भारताला दिलेलं धान्य. विषय अमेरिकेचा, पोरगी दारव्ह्याची, जमायचं कसं? पण तिकडच्या सरकारनं जुने कागद खुले केले होते. तारा, टिपणं, बैठकांची इतिवृत्तं, सगळं घरबसल्या वाचता येई. इकडे दुष्काळ पडला होता आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये दर महिन्याला ठरत होतं, की जहाजं सोडायची की थांबवायची. दोर आखूड धरला की दिल्ली ताळ्यावर राहते, असा तो एकूण हिशेब.

अडचण एवढीच, की हे कागद साऱ्या जगानं वाचलेले होते. गाइड मॅडम म्हणाल्या, "दोराचं वरचं टोक सगळ्यांनी पाहिलंय. खालचं टोक कुठल्या गावात, कुणाच्या हातात होतं, ते दाखव. मूळ साधन आण."

वर्षभर ती मूळ साधनाच्या मागं फिरली. कुठं दप्तर वाळवीनं खाल्लेलं, कुठं रद्दीत गेलेलं. शेवटी दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवरच्या पळसवाडी तांड्यावर, जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात तिला हे शेरेबुक सापडलं. शाळेला भेट देणारा प्रत्येक साहेब ज्यात आपला शेरा लिहून जातो ती वही. त्यात सदतिसाव्या पानावर, १४ नोव्हेंबर १९६६ या तारखेखाली, अमेरिकेतून येणाऱ्या भुकटीचं दूधवाटप पाहायला आलेल्या एका अमेरिकी माणसानं इंग्रजीत लिहिलं होतं:

'तीन आठवडे झाले, मुलांचे दूध बंद आहे. भुकटी बंदरात अडकली आहे असे सांगण्याची मला सूचना आहे. ते खरे नाही. जहाज आमच्याच किनाऱ्यावरून हललेले नाही. परवानगी मिळालेली नाही. हे मी दुसरीकडे कुठे लिहू शकत नाही म्हणून येथे लिहितो. तांड्याचे नायक श्री. भीमसिंग यांच्याबद्दल लिहिताना मला लाज वाटते, की'

इथं पान संपलं होतं. उर्वशीनं ते सरांना वाचून दाखवलं, त्याचा फोटो काढला आणि मोबाइलनं मान टाकली. बाहेर दारव्ह्याची शेवटची जीप हॉर्न वाजवत होती. उलट बाजू पुन्हा येऊन निवांत वाचू, म्हणून तिनं पट्टी घातली आणि धावली.

आज ती मॅडमचं पत्र घेऊन आली होती, कारण मॅडमना अर्ध्या वाक्याचा फोटो चालणार नव्हता. महिनाअखेर प्रकरण द्यायचं होतं, आणि त्यावरच फेलोशिपचं पुढचं वर्ष ठरणार होतं.

"पान नाही म्हणता?" मुख्याध्यापक संघर्ष मुनेश्वर सरांचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात दारातून खाकरल्याचा आवाज आला. काळा चष्मा लावलेले बाबूसिंग राठोड उभे होते. तांड्याचे नायक, माजी सरपंच आणि आता शाळा समितीचे अध्यक्ष. भीमसिंग नायकाचे चिरंजीव.

"शेवटी हे बुक तुमीच हाताळलं होतं ना, बाई?" ते शांतपणे म्हणाले. "सोमवारपर्यंत पान आलं तं ठीक. नाई तं मी ठाण्यात तक्रार देतो."

२

उर्वशीनं घरी येऊन आधी रडून घेतलं आणि मग राळेगावला आत्याला फोन लावला.

इंदूबाई नगराळे तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेली बाई. सत्तावीस वर्षं तिनं गाठोडी सोडली आणि बांधली होती. दप्तर हरवलं असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, कागद हरवत नाही, माणूस त्याले विसरते. आणि तिच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या कारकुनाला तिचा पहिला धडा असा होता: आधी मोज, मग वाच.

शनिवारी सकाळची शाळा. नऊ वाजता आत्या जीपमधून उतरली ती पिशवीत फूटपट्टी आणि डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन. यवतमाळहून येताना वाटेत लोहाऱ्याला उतरून ती एका माणसाला भेटूनही आली होती. कुणाला, ते तिनं लगेच सांगितलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात ती एका फळ्यासमोर थबकली. 'आजचा आहार' असं वर लिहून खाली खिचडी, मटकीची उसळ आणि पटसंख्या लिहिली होती. अक्षर गोल, सरळ, एका ओळीत मण्यांसारखं बसवलेलं. आत्यानं संघर्ष सरांच्या अक्षराची तारीफ केली. सर ओशाळून म्हणाले की त्यांचं अक्षर डॉक्टरांसारखं आहे. हे आमच्या स्वयंपाकीण मावशी लिहितात.

ऑफिसच्या खोलीतच एका बाजूला कपाट होतं आणि दुसऱ्या बाजूला आहाराच्या तांदळाची पोती. आत्यानं शेरेबुक टेबलावर घेतलं. पुठ्ठा कधीचाच निखळलेला, त्यामुळे वहीची शिवण पाठीकडून उघडी दिसत होती. तिनं काही न वाचता पहिल्या पानापासून आकडे मोजायला सुरुवात केली. बाबूसिंग खुर्चीत बसून पाहत होते. त्यांना वाटलं, बाई वेळ काढते.

सदतीस-अडतीस नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या पुढं मोजत गेली. पंचावन्न, सत्तावन्न. मग तिचं बोट थांबलं.

"एकोणसाठ-साठबी नाई," ती म्हणाली. "एक पान नाई गेलं, पोरी. दोन गेले."

३

दुसरं पान गेल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण दुसऱ्या पानाशी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

आत्यानं उर्वशीच्या वहीतला एक कोरा ताव घेतला, मधोमध दुमडला आणि समजावून सांगितलं. शिवलेल्या वहीत पान एकटं नसतं. एक मोठा ताव दुमडला की त्याची दोन पानं होतात, एक शिवणीच्या अलीकडे, एक पलीकडे. असे आठ ताव एकात एक घालून शिवले की एक जुडी होते. या वहीची दुसरी जुडी तेहेतिसाव्या पानावर सुरू होते नि चौसष्टाव्यावर संपते. तिसऱ्या तावाचं अलीकडचं पान सदतीस-अडतीस. पलीकडचं एकोणसाठ-साठ. कुणीतरी शिवण उसवून अख्खा ताव बाहेर काढला आणि जुडी परत शिवून ठेवली. म्हणून दशी नाही की धार नाही.

म्हणजे हे काम जाणत्या हाताचं, उर्वशीच्या मनात लगेच आलं. आणि जाणता हात एकच होता, राजदीप भगतचा. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा बाइंडिंग आणि लॅमिनेशनचा कारखाना. जुन्या कागदांचा त्याला भारी नाद. वही कशी टिकवायची हे विचारायला उर्वशीनं स्वतःच त्याला तो फोटो दाखवला होता, आणि मंगळवारी तो तांड्यावर येऊन गेल्याचं सरांनी काल सांगितलं होतं. फोनवर तिनं हे आत्यालाही सांगितलं होतं.

"त्यालेच तं भेटून आलो मी," आत्या म्हणाली.

राजदीपनं काही लपवलं नव्हतं. त्याला वही हवी होती. तिच्या बदल्यात शाळेला नवीन कपाट देतो, असं त्यानं व्हरांड्यात उभं राहून सरांना सांगितलं. सरांनी नाही म्हटलं. तो आत न येताच परतला. पान चोरलं का, असं आत्यानं सरळ विचारल्यावर तो हसला होता. पान काढलं की जुन्या वहीचा जीवच जातो, त्याचं म्हणणं. मी चोर असतो तर अख्खी वही उचलली असती. सरांनीही तो खोलीत आलाच नाही, असं कबूल केलं.

मग सरांची पाळी आली. ते बिचारे सगळा दोष आपल्यावर घ्यायला तयारच बसले होते. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम, त्यात जुन्या वह्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं. म्हणून सोमवारी त्यांनी कपाट रिकामं करून स्वयंपाकीण मावशींना सगळं दप्तर झटकायला सांगितलं. कपाटाची किल्ली दाराआडच्या खिळ्याला असते. हे कुणाकुणाला ठाऊक होतं, असं विचारल्यावर त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की अख्ख्या तांड्याला. पण जी वही स्वतःच प्रदर्शनात मांडायची ती ते उसवतील कशाला?

राहिले बाबूसिंग. आत्यानं त्यांच्यासमोर लाडवांचा डबा सरकवला आणि विचारलं, "नायकसाहेब, तुमी कपाट कायले उघडलं?"

बाबूसिंगांचा लाडू अर्ध्यात थांबला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण सोमवारी पुसलेल्या कपाटाच्या आतल्या काचेवर पाच बोटांचे ठसे होते, आणि अंगठ्यापाशी डोळ्यांच्या मलमाचा चिकट डाग. काळ्या चष्म्याचा माणूस तिथं एकच होता.

मग बाबूसिंग हळूहळू बोलले. उर्वशीनं सरांना वाचून दाखवलेलं ते अर्धं वाक्य तांडाभर झालं होतं. भीमसिंगबद्दल लिहिताना लाज वाटते. लोक तोंडावर काही म्हणत नव्हते, पण पारावर कुजबुज होती, की भीमसिंगनं तवा दुधाचे डबे दाबले असतील. बाप जाऊन तीस वर्षं झालेली. प्रदर्शनात ते पान सगळा तालुका वाचणार. म्हणून बुधवारी ते आले, खिळ्यावरची किल्ली काढून कपाट उघडलं, वही हातात घेतली.

"फाडावं वाटलं का?" आत्यानं विचारलं.

"वाटलं. खोटं कायले बोलू?" ते म्हणाले. "पन डोयाचं आपरेशन होऊन आठ दिवस झाले, मले आकडाबी दिसत नाई. त्यात इंग्रजी. कोनतं पान तेच समजे ना. अन दुसऱ्याले इचारावं तं लाज. बुक जसं होतं तसं ठेवून दिलं मी."

सुईत दोरा ओवणं या माणसाच्यानं होणारच नव्हतं. तिन्ही संशयित सुटले होते. उरली होती एकटी उर्वशी.

४

साडेदहाला खिचडीची सुट्टी झाली. स्वयंपाकीण मावशींनी पाहुण्यांनाही ताटल्या आणून दिल्या. हिरवा घागरा, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या चुड्या, चालणं तुरतुरीत. उर्वशीच्या ताटलीत त्यांनी न मागता जास्तीची उसळ वाढली आणि निघून गेल्या.

जेवण झाल्यावर आत्यानं हात धुऊन कोरडे केले आणि वही पाठीवर उभी धरून दोन्ही हात सोडले. वही उघडली. पुन्हा मिटून उभी केली, सोडली. तीनदा केलं. तिन्ही वेळा वही एकाच जागी उघडली.

"कोनतं पान आहे, पाह्य."

"अठ्ठावन्न आणि एकसष्ट," उर्वशी म्हणाली.

"जुनी वही ढोरावानी रायते. जिथं तिले रोज बसवलं तिथंच ते बसते. सदतीसवर ती एकदाबी उघडली नाई. मंग सांग, चोरानं जास्त येळ कोनतं पान वाचलं?"

उर्वशीच्या डोक्यात गेले दोन दिवस एकच पान फिरत होतं. अमेरिकेची गोष्ट, दोराचं खालचं टोक, तिचा प्रबंध. ज्यानं चोरलं त्यानं त्यासाठीच चोरलं असणार, याबद्दल तिला शंकाच आली नव्हती.

आत्या पुढं बोलत राहिली. उर्वशीची पट्टी बघ. शिवण उसवून आठ ताव वेगळे केले तेव्हा ती नक्कीच खाली पडली असणार. चोरानं ती उचलली आणि बरोब्बर छत्तीस नि एकोणचाळीसच्या मधात परत ठेवली. ज्याला अमेरिकेचं पान लपवायचं होतं त्यानं खूण आधी फेकली असती. हा तर दुसऱ्याची खूण जपणारा चोर. त्याचं तुझ्याशी काही वाकडं नाही. त्याला एकोणसाठावं पान पाहिजे होतं. तुझं पान त्याच्या जोडीला असल्यामुळे बरोबर गेलं. आणि पान फाडायला त्याचा जीव झाला नाही, म्हणून एवढा खटाटोप.

"अन आता हा दोरा." तिनं फूटपट्टीच्या टोकानं शिवण उचलून दाखवली. बाकी जुड्यांचा दोरा पिवळा पडलेला. या एका जुडीचा पांढरा, जाड आणि जागोजागी नागमोडी वळलेला. तिनं उठून कोपऱ्यातल्या तांदळाच्या एका उघड्या पोत्यापाशी बोट नेलं. पोत्याच्या तोंडाच्या शिवणीतून ओढून काढलेला तसलाच नागमोडी दोरा खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवला होता.

संघर्ष सर काहीतरी बोलू पाहत होते. आत्यानं हातानं थांबवलं. आधी मोजून झालं होतं, आता वाचायचं होतं.

अठ्ठावन्नाव्या पानावर फेब्रुवारी १९६८ ची तपासणी होती. शिक्षण खात्याच्या कुणा साहेबानं सुवाच्य मराठीत लिहिलेली. पानाची शेवटची ओळ अशी: 'इयत्ता चौथीच्या वर्गास भूगोल विचारला. मुले गप्प राहिली. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीने'. तिथून थेट एकसष्टाव्या पानाची पहिली ओळ: 'तरी तिला पुढे शिकवावे, अशी पालकांस समज द्यावी.'

"चवथीत तवा पोरी किती होत्या?" आत्यानं विचारलं.

कपाटात दाखल-खारीज रजिस्टर होतं. शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात. सरांनी १९६८ साल काढलं. चौथीत अकरा मुलं, एक मुलगी. 'जमनी लखीराम राठोड.' शाळा सोडल्याच्या कारणापुढं लिहिलं होतं, 'पालकांची इच्छा.'

"आमच्याकडे राठोडांची जमनी कुणी नाही," सर म्हणाले.

"कशी नाई?" खुर्चीतून बाबूसिंग म्हणाले. "लखीरामकाकाची पोरगी. लगन तांड्यातच चव्हानायच्या घरी झालं तिचं. आताच तं खिचडी वाढून गेली तुमाले."

५

जमनीबाईंचं घर तांड्याच्या टोकाला, कडुनिंबाखाली. आत्या आणि उर्वशी पोचल्या तेव्हा अंगणात एक ट्रक उभा होता आणि ओसरीवर जमनीबाईंचा मुलगा भारत जेवत होता. तो ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. दाराशी त्याची मुलगी राखी भिंतीला टेकून उभी होती, डोळे लाल. काय चाललंय ते विचारायची गरज नव्हती. राखी बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवून बसली होती. यवतमाळच्या कॉलेजचा फॉर्म भरायची मुदत सोमवारी संपत होती. आणि भारत म्हणत होता, की होस्टेलात पोरगी एकटी ठेवायची आपल्या घराची रीत नाही, दिग्रसचं स्थळ चांगलं आहे, आणि तसंही हिला शिकायची काही फार हौस दिसत नाही.

जमनीबाईंनी आत्याच्या हातातलं शेरेबुक पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत. फक्त हातातली भाकर परातीत ठेवली.

आत्या ओसरीच्या कडेला बसली. "तुमचं पान पाहाले आलो, बाई," ती म्हणाली.

"आनतो," जमनीबाई म्हणाल्या. "याचं जेवन होऊ द्या म्हनलं होतं, मंग काढतो. सोमवारी परत शिवूनच देनार होतो मी." मग उर्वशीकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर आळ आला ते मले काल समजलं. राती झोप नाई आली. पन आजचा दिवस पाह्यजे होता मले."

घरातून त्यांनी पत्र्याची पेटी आणली. पेटीत धुतलेल्या लुगड्याची घडी, त्या घडीत आरशांच्या भरतकामाची एक जुनी पिशवी, आणि पिशवीत तो ताव, कोपराही न दुमडलेला.

सोमवारी दप्तर झटकताना वही हातातून निसटली, उघडली, आणि त्यांना स्वतःचं नाव दिसलं होतं. रोज पोरं खिचडी खायला बसली की त्या ते पुन्हा वाचायच्या. चार दिवस वाचलं. मग भारत शनिवारी येणार असा निरोप आला, आणि शुक्रवारी सकाळी त्यांनी पोत्याच्या दोऱ्यानं काम उरकलं.

"बापू, आयक," त्या मुलाला म्हणाल्या. एकोणसाठावं पान हातभर लांब धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. शाळेत मुलं वाचतात तसं, सरळ उभं राहून, प्रत्येक अक्षर मोकळं करून.

'उठून नकाशावर गोदावरी नदी उगमापासून मुखापर्यंत बोटाने दाखविली व तिच्या उपनद्यांची नावे न अडखळता सांगितली. मुलीचे नाव जमनी लखीराम. वाचन, लेखन व शुद्धलेखन उत्तम. यंदाच्या माझ्या फिरतीत इतकी तल्लख विद्यार्थिनी दुसरी आढळली नाही. दारव्हा येथे मुलींच्या राहण्याची सोय होऊ शकेल. मी स्वतः पत्र देण्यास तयार आहे.'

भारतचा घास हातातच होता.

"बापानं मले सांगतलं होतं," जमनीबाई म्हणाल्या, "गुरुजी म्हनले पोरीचं डोकं चालत नाई. सत्तावन्न वर्सं मी तेच खरं धरलं. लोकायनं इचारलं काहून शाया सोडली, तं मीबी म्हनो, मले हौस नवती." त्यांनी पान खाली केलं. "आता तू हिच्याबद्दल तेच म्हनून राह्यला. म्हून हे आनलं. माह्यं म्हननं तू आयकत नाईस, सरकारी कागद तं आयकशील."

भारतनं घास ताटात ठेवला. मग राखीला म्हणाला, "तो फारम मोबाइलवर भरते का कालेजात जा लागते?"

राखी आजीच्या पाठीमागं गेली आणि तिच्या पदरात तोंड लपवून बसली. उर्वशीनं डोळे पुसले आणि सांगितलं की मोबाइलवर भरता येतो, फोटो नि मार्कशीट लागते, आपण आत्ता इथंच भरू.

६

फॉर्म भरून होईपर्यंत बाबूसिंग काठी टेकत आले, मागोमाग संघर्ष सर. पान सापडलं हे त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. बाबूसिंग ओसरीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"वाचा, बाई," ते उर्वशीला म्हणाले. "जे असन ते असन."

उर्वशीनं ताव उलटा केला. अडतिसाव्या पानावरचं इंग्रजी अक्षर पुसट आणि घाईचं होतं. तिनं आधी मनात वाचलं, मग मराठीत सांगितलं:

'आमचे दूध बंद झाल्यावर त्यांनी आपल्या गोठ्यात उरलेल्या एकुलत्या एका गायीचे दूध तीन आठवडे रोज शाळेत पाठवले. पाणी घालून का होईना, सर्वात लहान मुलांना ते पुरले. जगातल्या सर्वात श्रीमंत देशाचा माणूस म्हणून मी येथे उभा आहे आणि या गृहस्थांना देण्यासारखे माझ्याकडे काहीही नाही.'

खाली सही होती, न लागणारी.

बाबूसिंगांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, पण आता इलाज नव्हता. जमनीबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. "भिया, तुहीच गाय होती ना ते, बांडी?" त्या म्हणाल्या. "मले आठोते तिचं दूध. धुराचा वास ये."

बाबूसिंगांनी गायीचं ते वाक्य आणखी दोनदा वाचून घेतलं. मग खिशातून तक्रारीचा कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सरांकडून पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमातली एक नवी बाब लिहून घेतली, की ही दोन्ही पानं मोठ्यानं वाचायची. एक इंग्रजीतलं ते उर्वशीबाईनं, आणि दुसरं जिचं तिनं.

उर्वशीनं दोन्ही बाजूंचे फोटो काढले, आणि मोबाइल चार्जिंगला लावून पुन्हा काढले. आत्या लाडवाचा डबा भारतपुढं धरून बसली होती. चहा आला.

"बाई, एक सांगा," जमनीबाई उर्वशीजवळ येऊन बसल्या. "ते दूध बंद झालं तवा मी तिसरीत होतो. आमी कप घेऊन रांगंत बसो, अन दूध येच ना. आमाले वाटे आमी वर्गात गोंधळ घालतो म्हून साहेबानं बंद केलं. आठ दिवस आमी चूप बसलो. कोनी हूं केलं नाई. तरी आलं नाई. खरं काय होतं ते?"

उर्वशीनं या प्रश्नावर दोनशे दहा पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य तिला आत्ता कामाचं वाटेना.

"काकी, त्यायची दुसऱ्या एका देशात लढाई चालली होती," ती म्हणाली. "आपलं सरकार म्हणे, हे बरं नाई. शेतीबी आमी म्हनतो तशी करा, असंबी त्यायचं म्हननं होतं. म्हणून त्यायच्या राष्ट्राध्यक्षानं जहाजं मोजून मोजून सोडली. आपल्याले जरा जरब बसावी म्हून."

"दिल्लीवाल्यायले."

"हो. दिल्लीवाल्यायले."

जमनीबाईंनी चहाचा घोट घेतला आणि विचार केला.

"पन चूप तं आमी बसलो," त्या म्हणाल्या.

उर्वशीनं कप खाली ठेवला, चार्जिंगचा मोबाइल ओढून घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"काकी, हे परत एकदा म्हणा," ती म्हणाली. "अन आधी तुमचं पूरं नाव सांगा. लखीरामपासून."